तुरीच्या जागी हिरवळ

काचीगुडा स्टेशनच्या बाहेर उकडलेल्या तुरीच्या शेंगांची गाडी उभी राहिली की समजावं, पौष लागला. पातेल्यातून मिठाची वाफ निघत असते, गाडीवाली बाई 'कंदीकायलू, अम्मा, गरम गरम' म्हणून ओरडते (तेलुगूत कंदी म्हणजे तूर) आणि रिक्षावाले, हमाल, शाळेतून सुटलेल्या पोरी असे सगळे पुडक्यातून शेंगा सोलत उभे राहतात. मीसुद्धा उभी राहायची. स्टेशनवरून बरकतपुऱ्यापर्यंत चालत जायचं आणि घर येईतो पुडकं संपवायचं, टरफलं रस्ताभर टाकत, लाज सोडून. आता पाच वर्षं झाली, ती गाडी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. गाडीवाली ओळखीची आहे. तिला वाटतं, मॅडमचे दात गेले असतील.

हैदराबादची थंडी ती केवढी! आठ-दहा दिवसांची पाहुणी. पण आमच्या विद्यापीठात याच आठ-दहा दिवसांत कमिटी यायची पद्धत पडली आहे, कारण या दिवसांत सगळं बरं दिसतं. घाम येत नाही, गुलदस्ते मान टाकत नाहीत, आणि सुटाबुटातले प्राध्यापक बेशुद्ध पडत नाहीत. कमिटी म्हणजे दर्जा ठरवणारी समिती. ती तीन दिवस येते, बघते, खाते, लिहून घेते आणि मग काही आठवड्यांनी एक अक्षर पाठवते. त्या एका अक्षरावर पुढची काही वर्षं आमचं दुकान चालतं. यंदा पुन्हा आली आहे ती वेळ. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागलाय. ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ पुसून पुस्तकं जरा तिरकी ठेवलीत, कुणी नुकतीच काढून वाचल्यासारखी. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजाऱ्यांचं शोकेस आणून ठेवावं, तशातलाच हा प्रकार.

मी या विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाची समन्वयक. नाव मोठं, काम एकच: लिहिणं. पूर्वी एका सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. इथं खासगी संशोधन विद्यापीठ निघालं, माझी भाषा चांगली म्हणून बोलावलं, आणि मी गेले. तेव्हापासून विद्यापीठाची ओळख करून देणारं जे काही छापलं जातं ते माझ्या हातचं. 'संशोधन हा आमचा श्वास आहे' हे वाक्य माझं. 'प्रयोगशाळेतून समाजाकडे' हेही माझंच. परदेशातले मानद प्राध्यापक म्हणून ज्यांचे फोटो दर्शनी भिंतीवर लागलेत, त्यांतल्या एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल मी इतकं सुंदर लिहिलंय की त्यांच्या बायकांनाही इतकं सुचलं नसतं.

सगळंच खोटं होतं असं म्हणायची सोय नाही, तीच तर पंचाईत. सगळं खोटं असतं तर मी निदान स्वतःला फसवणूक करणारी बाई म्हणून ओळखलं असतं. तिथं चांगली सूक्ष्मदर्शकं होती. दोन-तीन माणसं खरोखर जीव तोडून काम करायची, आणि इतर पन्नासांच्या नावावर त्यांचंच काम मोजलं जायचं. शोधनिबंध किती, हे सगळे विचारायचे. शोध कुठला लागला, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि मी? मी त्या दोन-तीन माणसांकडे बघून लिहायची, आणि वाचणाऱ्याला वाटायचं सगळं विद्यापीठच तसं आहे. लिहिताना मलाही तसंच वाटायचं, देवाशपथ.

आमच्या शेजारचे नरहरराव हे सरकारी हायस्कुलातले गणिताचे मास्तर. तीन पिढ्या इथंच. घरी मराठी, बाजारात दखनी, शाळेत तेलुगू, आणि रागावले की तिन्ही एकदम. बायको लवकर गेली, एकुलती एक मुलगी वैदेही त्यांनीच वाढवली. निवृत्त झाल्यापासून रोज चारच्या सुमाराला ते आमच्याकडे मराठी पेपर वाचायला येतात. पेपर एक दिवस उशिरा येतो, पण त्यांना त्याचं काही नाही. "शिळी बातमी पचायला हलकी असते हो, सुनंदाबाई," म्हणतात.

वैदेहीला पीएच.डी. करायची होती. बाहेरगावच्या एका सरकारी कृषी विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. नरहररावांचा जीव खाली-वर. पोरगी लांब जाणार, आपल्याला रात्री-अपरात्री काही झालं तर कोण? आणि मी, मी शहाणी, म्हटलं, "लांब कशाला पाठवता? आमच्याकडे घाला. मी आहे ना तिथं." माहितीपुस्तक आणून दिलं. नरहररावांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हणाले, "काय लिहिलंय! कुणी लिहिलं हो हे?" मी नुसती हसले. त्या हसण्याची आता मला शिसारी येते.

वैदेहीचा विषय होता तूर. तुरीला मर रोग होतो. जमिनीतली बुरशी मुळांतून वर चढते आणि फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या मरून जातं. जहीराबादकडच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरचं बी राखून ठेवतात. त्यांच्याकडून हिनं मूठ-मूठ बी गोळा केलं होतं. त्यांतलं कुठलं या रोगाला दाद देत नाही, ते शोधायचं होतं. कॅम्पसच्या मागच्या बाजूला, मोठमोठ्या धोंड्यांच्या पायथ्याशी, तिला एक वाफा मिळाला. पहिल्या वर्षी तिनं त्यात बुरशी वाढवली, दुसऱ्या वर्षी पेरलं, जगलेल्या झाडांचं बी घेऊन तिसऱ्या वर्षी पुन्हा पेरलं. तो तिसरा हंगाम शेवटचा. तो पार पडला की प्रबंध.

त्या वर्षी कार्तिकात एकदा ती मला वाफा दाखवायला घेऊन गेली. ऊन मवाळ होतं, तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलांनी लहडलेली, मधमाश्या घोंगावत होत्या. आणि दर दोन ओळींनंतर एक अख्खी ओळ मेलेली! काळपट काड्या नुसत्या. मी घाबरलेच. "अगं वैदेही, ही मेली की गं सगळी!"

ती हसली. "मरायलाच लावलीत, काकू. हा जुना वाण आहे, रोगाला हमखास बळी पडणारा. तो मेला म्हणजे माती खरंच रोगट आहे हे सिद्ध होतं. मग त्याच मातीत शेजारची जगली, तर ती खरी जगली." मग तिनं एका झाडाच्या फांदीला बांधलेली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी मला दाखवली. त्यावर खिळ्यानं कोरलेला आकडा. "हे झाड कुणाचं आहे माहितीय? एका आजीनं चुलीवरच्या शिंक्यात ठेवलेलं बी. तिनं मला विचारलं, 'तू हे खाणार का पेरणार?' पेरणार म्हटल्यावर मगच दिलं." बोलताना ती त्या पट्टीवर सारखं बोट फिरवत होती. माझ्या उभ्या आयुष्यात विद्यापीठ नावाची गोष्ट मी पाहिली असेल तर ती त्या दुपारी, त्या धोंड्यांखाली.

घरी येऊन मी ते सगळं लिहून काढलं. अर्थात विद्यापीठाच्या माहितीपत्रकासाठी. 'आमच्या शास्त्रज्ञांनी मर रोगाला दाद न देणारे तुरीचे वाण शोधले आहेत.' अजून काढणीही झाली नव्हती. नरहररावांनी वाचून डोळे मिचकावले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" आणि खदखदून हसले. अभिमानानं हसले हो. माहितीपत्रकाच्या दोन प्रती घेऊन गेले, एक जावयांच्या बाजूला दाखवायला लागेल म्हणाले. जावई कुठं होता? नव्हताच.

मग पौष. आठवडाभरावर कमिटी. कुलसचिवांनी मला बोलावून सांगितलं, परिसराच्या स्वच्छतेचं एक कडक परिपत्रक काढा. मी काढलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'समितीच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना वाळलेली, पिवळी पडलेली अथवा निर्जीव दिसणारी कोणतीही वनस्पती राहता कामा नये.' काय वाक्य आहे! एका दमात म्हणता येतं. समितीचा मार्ग मागच्या धोंड्यांवरून जाणार होता, कारण तिथून सूर्यास्त छान दिसतो. आणि पौषातली तूर कशी दिसते? पानं गळलेली, खोडं तपकिरी, शेंगा खुळखुळणाऱ्या. काढणीला आलेलं पीक तसंच दिसतं. माझ्या तीन पिढ्या शहरातल्या. वरण रोज खाल्लं, पण पिकलेली तूर रानात उभी कशी दिसते ते मला कुठं माहीत!

सोमवारी सकाळी आमची बस कॅम्पसमध्ये शिरत होती तेव्हा वैदेहीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "काकू, वाफ्यावर या."

वाफा नव्हता. माती सपाट केलेली, आणि त्यावर ट्रकमधून आणलेल्या हिरवळीच्या चटया अंथरायचं काम चाललेलं. चौकोन चौकोन, सतरंजीसारखे. तूर कँटीनच्या मागं ढिगात पडली होती. मी धावत गेले, चप्पल तुटली माझी. वैदेही त्या ढिगात गुडघ्यावर बसून पट्ट्या शोधत होती. शेंगा होत्या, हव्या तितक्या होत्या, फुटून फुटून बी मातीत सांडलं होतं. पण पट्ट्या तुटून गेल्या होत्या, आणि कुठली शेंग कुठल्या झाडाची हे सांगायला कुणी नव्हतं. "नाव नसलेलं बी म्हणजे नुसती डाळ, काकू," ती म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून अकरा पट्ट्या शोधल्या. शेकडो होत्या.

मुख्य माळी यादगिरी हात बांधून लांब उभा होता. मी त्याच्यावर ओरडले, काय वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, कागज में लिखे थे ना, सूखा हुआ सब निकालो बोल के. मालूम था कंदी है. पका हुआ कंदी है, मैं बोला सुपरवायजर को. वो बोले, कागज में जो है वो करो, तेरे कू कायकू." आणि वर म्हणाला, "गाँव में कोई पका हुआ कंदी ऐसा नहीं उपाडता, मॅडम. हाथ नहीं उठता." अंगठा उमटवून पगार घेणाऱ्या त्या माणसाला पीक कळलं होतं. परिपत्रक वाचता येणाऱ्या आम्हा कुणालाच नाही.

कमिटी आली. हिरवळीच्या कडेला पाटी लागली होती, 'प्रायोगिक क्षेत्र'. वैदेहीला तिच्या तक्त्यांसह तिथंच उभं केलं होतं, साडी नेसून, कारण संशोधक मुलींनी साडी नेसावी असंही परिपत्रक होतं. तेही माझंच. तिचे खरे मार्गदर्शक उन्हाळ्यातच नोकरी सोडून गेले होते, कागदोपत्री मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुख शेजारी उभे होते, आणि त्यांना तुरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "पीक कुठं आहे?" कुलसचिव चटकन म्हणाले, "काढणी झाली, सर. नुकतीच." गृहस्थांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं. वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. मी गुलदस्त्याच्या रिबिनीची गाठ सारखी करत होते. करायला हवी होती म्हणून नव्हे.

तरीही सगळं संपलं नव्हतं, हे मला इथं लिहायलाच हवं. मागच्या वर्षीचं थोडं बी तिनं बरण्यांतून नावानिशी ठेवलेलं होतं. तिची शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेनं आणखी एक वर्ष दिलं असतं तर ते पेरून शेवटचा हंगाम पुन्हा घेता आला असता. संस्थेनं एवढंच मागितलं होतं की या वर्षीच्या नोंदी का नाहीत, ते विद्यापीठानं लिहून द्यावं. एक पत्र. चार ओळींचं. वैदेही माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, जे झालं तेवढंच लिहा. जास्त काही नको."

मी मसुदा केला. खरा केला. कुलसचिवांनी वाचला आणि शांतपणे माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, निकाल अजून यायचाय. 'विद्यापीठानं पीक उपटलं' हे शिक्क्यानिशी कुणाच्या हातात द्यायचं? आणि परिपत्रक कुणाच्या सहीचं आहे, आठवतंय ना? भाषा तुमची आहे. बघा काहीतरी सौम्य." धमकी म्हणावी तर आवाज इतका मऊ की गाईच्या पाठीवरून हात फिरवताहेत. मी टेबलाशी परत गेले आणि लिहिलं: 'नैसर्गिक कारणांमुळे पीक नष्ट झाल्याने या हंगामाच्या नोंदी उपलब्ध नाहीत.' खाली माझी सही, गोल शिक्का. मला वाटलं, काय फरक पडतो, पोरीला वर्ष मिळाल्याशी कारण. गारपिटीनं गेलं काय नि माळ्यानं नेलं काय.

पत्र पोस्टात पडल्यावर तिनं प्रत वाचली. दारात उभ्या उभ्या वाचली. "काकू," ती म्हणाली, "माझी झाडं मेली असं लिहिलंत तुम्ही. माझा सगळा अभ्यासच ती मरत नाहीत याचा होता."

मी म्हटलं, दुरुस्तीचं पत्र पाठवू. कुलसचिव म्हणाले, निकाल लागू द्या, मग. निकालाआधी संस्थेचं उत्तर आलं. रोगाला दाद न देणारे म्हणून सांगितलेले वाण जर रोगट वाफ्यात नैसर्गिकरीत्या नष्ट झाले असतील तर मूळ दावाच टिकत नाही, सबब मुदतवाढ देता येत नाही. त्यांचं काय चुकलं? कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं. आठवड्यानं आमचं अक्षर आलं. सगळ्यांत वरचं! ढोल-ताशे, फटाके, दर्शनी भिंतीवर बॅनर, कँटीनमध्ये सगळ्यांना बिर्याणी. मला 'उत्कृष्ट अहवाल-लेखन' म्हणून शाल मिळाली. ती शाल मी घेतली. नाही म्हणता आलं असतं, पण घेतली, आणि थंडीत दोनदा पांघरलीही.

वैदेही आता दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सकाळी सहाला जाते, संध्याकाळी येते. जिन्यात भेटली की "काय काकू, बऱ्या आहात?" एवढं म्हणते. त्यात राग नसतो, दुसरंही काही नसतं. बरण्यांतलं बी केव्हाच किडून गेलं असणार. नरहरराव मात्र रोज येत राहिले, पेपर वाचत राहिले. एकदा पेपर घडी करता करता म्हणाले, "पोरगीच कमी पडली हो. तुमच्या संस्थेनं सगळं दिलं. पाण्याकडे दुर्लक्ष झालं असेल, नाहीतर औषध चुकलं असेल. पीक गेलं की शेतकऱ्यानं आधी स्वतःकडे बघावं." मी चहा गाळत होते. गाळणं भरून वाहायला लागलं. त्याहून वाईट हे की मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

दर्जा म्हणजे काय असतं शेवटी? मी या शब्दावर इतकी पानं लिहिली, पण मला तो एकदाच दिसला, खिळ्यानं कोरलेल्या आकड्यावरून फिरणाऱ्या एका बोटात. बाकी सगळं मी लिहिलेलं. भिंतीवरच्या अक्षराला दर्जा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पालक त्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. कुणाकुणाच्या हातात अजून माझंच माहितीपुस्तक असतं, चष्मा लावून वाचत असतात. मला वाटतं, जावं आणि हातातून ओढून घ्यावं. पण मी त्यांना प्रवेशकक्ष कुठं आहे ते सांगते.

यंदा नवा अहवाल करायला बसले. जुन्या मजकुरात दुरुस्त्या करायच्या होत्या. तिसऱ्या पानावर अजून तेच: 'आमच्या शास्त्रज्ञांनी मर रोगाला दाद न देणारे तुरीचे वाण शोधले आहेत.' पाच वर्षं ते वाक्य तिथं बसलंय, कुणी काढलं नाही, मीही नाही. म्हणजे विद्यापीठाच्या हिशेबी ती झाडं जगली. आणि पोरीच्या हिशेबी मेली. दोन्ही कागदांवर माझीच सही! मला खुर्चीत बसवेना. मी संगणक बंद केला, साधा कागद घेतला आणि जे झालं ते लिहिलं. पाऊण पान झालं. एकही शब्द शोधावा लागला नाही.

ते घेऊन दिलसुखनगरला गेले. खाली चप्पल-दुकानं, वर चार मजले कोचिंग, जिन्यात मुलांची ही गर्दी, मिरची भज्यांचा वास. दोन बॅचच्या मध्ये वैदेही बाहेर आली. बोटांना मार्करची शाई. तिनं उभ्यानंच कागद वाचला, वर पाहिलं.

"हे आता कुणाला देऊ, काकू?"

"संस्थेला पाठवू. नाहीतर परवा कमिटी येतेय, तिच्यासमोर ठेवते. मी ठेवते. नोकरी गेली तर जाऊ दे."

"ठेवा की. तुमच्या मनाला बरं वाटेल." मग तिचा आवाज एकदम चढला, जिन्यातली मुलं बघायला लागली. "तेव्हा एक ओळ हवी होती मला! एक ओळ! आता पानभर घेऊन आलात. बी संपलं, वय संपलं, ती आजीसुद्धा गेली, तिला मी काय सांगणार होते? कमिटीला काय करायचंय हे?" तिनं कागद माझ्या हातात परत कोंबला. आतून घंटा वाजली. दाराशी ती थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "बाबांना वाचून दाखवा. जमलं तर."

बाबांना! मला वाटलं होतं सगळ्यांत अवघड कुलसचिव असतील. घरी येईतो मी दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला त्रास? त्यांच्या मनात आता ते निवलंय. असं सगळं सौम्य सौम्य सुचत राहिलं. भाषा माझी चांगली आहे ना.

चारला नरहरराव आले. पेपरकडे हात केला. मी म्हटलं, "आज आधी हे ऐका." आणि वाचलं. 'वैदेहीच्या वाफ्यातली तूर कुठल्याही रोगानं गेली नाही. ती शेंगांनी भरलेली होती, काढणीला चार दिवस उरले होते. विद्यापीठानं माणसं लावून ती उपटली. वाळलेलं सगळं काढा, हा हुकूम मी लिहिला होता. पीक नैसर्गिक कारणांनी गेलं, हे खोटंही मीच लिहिलं.' पुढचंही वाचलं, शेवटपर्यंत.

त्यांनी चष्मा काढला. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे झाडं जगली होती."

"हो."

"सगळी?"

"जी जगायला हवी होती ती सगळी."

त्यांनी पेपरची घडी बाजूला सारली. "त्या पत्राची प्रत घेऊन आली त्या दिवशीच तिनं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "बाबा, उपटली म्हणाली. रडत होती. आणि मी म्हटलं, बेटा, आपलं चुकलं की दुसऱ्यावर ढकलू नये. पत्रावर सुनंदाबाईंची सही आहे, त्या काय खोटं लिहितील?" मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मला लिहिता येत नाही, आणि मी लिहिण्याचाच पगार घेते. "पाच वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवतेय. पुन्हा एक अक्षर बोलली नाही हो."

ते उठले, चपला घालायला लागले. पट्टा सापडेना, मी वाकले तर पाय मागं घेतला. मी विचारलं, कुठं निघालात? दिलसुखनगरला म्हणाले. तिची बॅच सात वाजेपर्यंत चालते, मी सांगितलं. "चालू दे. जिन्यात उभा राहीन."

आपल्यात कुणीही उंबऱ्याबाहेर पडताना 'येतो'च म्हणतं, शेजारच्या दारी निघालं तरी. नरहरराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले, कठडा धरला, आणि म्हणाले, "जातो, सुनंदाबाई."